डॉक्टर, आता नगराध्यक्ष व्हाच!

तर डॉक्टर, दवाखान्याचं हॉस्पिटल झालं, वर दोन मजले चढले, मुलगी कशीबशी का होईना मेडिकलला लागली आणि आता रोज तोच खोकला ऐकून कंटाळा आलाय म्हणता, मग राजकारणात याच. तालुक्याच्या गावात तुमच्यासारखा कँडिडेट पक्षाला शोधून सापडत नाही, अंगावर एक गुन्हा नाही आणि अर्ध्या गावाला इंजेक्शन तुम्हीच टोचलेलं! छत्तीसगडमधल्या कवर्ध्याचे डॉ. रमणसिंह बघा की, बीएएमएस करून प्रॅक्टिस, 1983 ला नगरसेवक, आणि 2003 पासून सलग पंधरा वर्षं मुख्यमंत्री. (दवाखान्यातून नगरपालिकेत गेलेले बाकीचे किती जण तिथेच अडकले ते विचारू नका, मूड जातो.)

आधी घरातलं बघून घ्या. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर उमेदवारीचा विषयच संपला, कुटुंब नियोजनाचे सल्ले लोकांना देणं सोपं असतं. नियमांवर जास्त जीव लावू नका. नगराध्यक्ष थेट जनतेतून असं 2016 ला ठरलं, 2020 ला रद्द झालं, 2022 ला परत आलं, आणि तोवर मुदत संपलेल्या पालिकांवर प्रशासक बसले ते 2025 संपत आलं तरी बसलेलेच होते, तेवढ्यात तुमचे 'भावी नगराध्यक्ष'वाले फ्लेक्स उन्हानं पांढरे पडले असतील तर नवे छापा. आरक्षणाच्या सोडतीत महिला निघाली तर घाबरू नका, मिसेसना उभं करा. त्या गायनॅक असतील तर दुधात साखर, निम्मं गाव त्यांच्याच हातून जन्मलंय. तुम्ही शेजारच्या खुर्चीवर बसून कारभार बघायचा. पक्षाच्या तिकिटाचा एबी फॉर्म शेवटच्या दिवशी वाळूवाल्याला गेला तर मात्र तुम्ही निष्ठावंत.

आणि निवडून आलात की खरी मजा. पेशंट आता जीभ दाखवत नाही, नळाच्या पाण्याची बाटली दाखवतो. तळाशी गाळ, वास गटारीचा, कारण पाइपलाइन गटारीतूनच गेलीय हे तुम्हालाही माहितीये. डॉक्टर म्हणून दोन मिनिटांत कळतं की महिनाभरात या गल्लीत कावीळ येणार. पण तुम्ही आता नगराध्यक्ष आहात! तेव्हा पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर संपलीय का, पाण्यातलं क्लोरीन बघायची ओटी टेस्ट शेवटची कधी केली, असले एमबीबीएसच्या वेळचे प्रश्न पाणीपुरवठ्याच्या माणसाला विचारायचे नाहीत, ठेकेदार आपल्याच गटाचा असतो आणि प्रचाराच्या गाड्यांचं डिझेल कोणी भरलं होतं ते आठवा. पेपरला निवेदन द्या, पाणी पिण्यायोग्य आहे, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. खाली सही करताना नावामागे डॉक्टर लावायला विसरू नका, त्यानं वजन येतं. मग वरच्या मजल्यावर जाऊन सलाईनची ऑर्डर डबल करा.

साथ आलीच तर 'तुरळक रुग्ण' असं म्हणायचं. सगळे तुमच्याच हॉस्पिटलात ॲडमिट असले तरी तुरळकच. नातेवाईक बिलावर वाद घालतील, 'साहेब, मत तुम्हालाच दिलं होतं' म्हणतील, अशा वेळी बेडचार्ज माफ करा, औषधांचे घ्या, मेडिकल मेव्हण्याच्या नावावर आहे. आणि डिस्चार्ज कार्डवर नेहमीप्रमाणे लिहा, पाणी उकळून प्यावे.