‘गल्लीतलं जर्नल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, फक्त ‘एक माजी रेसिडेंट’. वॉर्डात भेटला असतात तर ‘काय रे’ म्हटलं असतं, इथे ‘तुम्ही’च म्हणते. मी संपादक असलेल्या आमच्या सोलापूरच्या मेडिकल जर्नलबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे गल्लीतलं जर्नल आहे, पेपर (म्हणजे शोधनिबंध) आपल्याच पोरांचे, छापण्याआधी ते तपासणारे परीक्षक आपल्याच ओळखीचे, सोलापुरात परीक्षकापासून लेखकाचं नाव झाकून काय उपयोग, वर तुमच्या पेपरला सात महिने लावले, त्यापेक्षा पैसे घेऊन चार दिवसांत छापणारे बरे.

सात महिन्यांचं आधी, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे. रजिस्टर काढून पाहिलं. पहिल्या उत्तराला एवढा वेळ लागलेले तीन पेपर निघाले. एक तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी आलेला, आणि लेखकाला पहिलं पत्र गेलं तेव्हा आषाढी होऊन गेली होती. दोन परीक्षकांनी नकार दिला, तिसऱ्यांनी हो म्हटलं आणि गायब झाले, आणि त्यांच्यामागे लागायच्या दिवसांत मी वारीच्या ड्युट्या लावत बसले होते. परीक्षकांना आम्ही छदामही देत नाही, त्यामुळे दटावताही येत नाही. पण ‘पेपर अडकलाय, थांबा’ एवढी एक ओळ तुम्हाला कळवायला मला कुणी अडवलं नव्हतं. ती चूक माझी.

ओळखीचंही खरं आहे. लेखकाचं नाव खोडलं तरी पेशंट विडी कामगार आहेत म्हटल्यावर युनिट कुणाचं ते इथला कुणीही सांगेल. म्हणून निदान एक परीक्षक आम्ही मिरज, लातूर किंवा अंबाजोगाईचा घेतो. मात्र नाव झाकणं हाच रामबाण, असं मला वाटत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या संपादकांचा १९९८ साली छापून आलेला एक प्रयोग आहे. मंजूर झालेल्या एका पेपरात त्यांनी मुद्दाम ८ चुका पेरल्या आणि तो ४२० परीक्षकांना पाठवला. ज्यांनी अभिप्राय दिले त्यांना सरासरी २ चुका सापडल्या. लेखकांची नावं झाकली तरी तेच, परीक्षकाला अभिप्रायाखाली सही करायला लावली तरी तेच. त्यांची ही गत, तर आमची काय कथा! तेव्हापासून, म्हणजे हे वाचल्यापासून, परीक्षकांनी पास केलेल्या पेपरचे तक्ते मी पुन्हा स्वतः तपासते.

तरी परीक्षक लागतोच. एक पेपर सांगते, लेखिकेला विचारून. सेकंड इयरची मुलगी, विषय विडी कामगार बायकांमधला ॲनिमिया (रक्तक्षय). शीर्षकात ‘सोलापुरातील प्रमाण’ असं ठणकावून लिहिलेलं. परीक्षकांनी समासात एवढंच लिहिलं, ‘ओपीडीत आलेल्या बायका म्हणजे सोलापूर नव्हे.’ अंगात त्राण नाही म्हणून जी दवाखान्यात येते तिचंच हिमोग्लोबिन मोजलं तर ॲनिमिया भरपूर निघणारच. दुसरा प्रश्न त्याहून वाईट निघाला. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर ॲनिमिया धरतात, गरोदर बाईचं ११ च्या. हिने सगळ्यांना सरसकट ११ लावलं होतं. सगळे तक्ते नव्याने. मुलगी माझ्या खोलीत येऊन रडली, गाईड माझ्यावर चिडले. नवा पेपर चार महिन्यांनी आला. शीर्षक साधं झालं होतं, आणि त्याच वस्तीतल्या, त्याच वयाच्या, विड्या न वळणाऱ्या बायकांचा गट तुलनेसाठी तिने घरोघर फिरून जमवला होता. ते करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. चार दिवसांत छापून मिळालं असतं तर ११ चा आकडा तिच्या नावासह कायमचा राहिला असता, आणि पुढच्या बॅचने तोच उचलला असता.

घाई कुठून येते तेही मला ठाऊक आहे. पीजीच्या (पदव्युत्तर) परीक्षेला बसायला पेपर छापलेला, स्वीकारलेला किंवा नुसता पाठवलेला असला तरी चाले, हा नियम आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाळला. मग फॉर्म भरायच्या महिन्यात आमची मेलपेटी ओसंडून वाहायची. प्रमोशनसाठी मास्तर मंडळींचीही तीच तऱ्हा. आम्ही प्रत्येक लेखकाकडून काय काम केलं ते लिहून घ्यायला लागल्यापासून काही पेपरवरची दोन-दोन नावं आपोआप गळली, आणि चहाच्या टेबलावर माझ्याशेजारची खुर्ची बरेचदा रिकामी असते. असो.

गल्लीतलं म्हणालात, ते मान्य. पण विडी कामगारांच्या पेपरमधली ती ओपीडी ज्यांनी पाहिली आहे, ते परीक्षक या गल्लीतच मिळतात.

आणि रजिस्टरमधल्या त्या तीन पेपरांपैकी दोन छापून झाले. तिसऱ्याच्या लेखकाकडून परीक्षकांच्या प्रश्नांची उत्तरं अजून आलेली नाहीत. तो तुमचा असेल तर पाठवून द्या, यावेळी तीन आठवड्यांत कळवते. फक्त तक्ता क्रमांक २ मधल्या टक्केवारीची बेरीज १०४ येतेय, तेवढं बघा.