संमती की सल्ला?

गेल्या १५ ऑगस्टला पेठ तालुक्यातल्या एका गावात ग्रामसभेला होतो. शाळेच्या पडवीत सगळे दाटीने बसलेले, बाहेर पावसाची झड. विषय होता गावच्या माळावर कुणीतरी मागितलेल्या खडीच्या खाणीचा. तासभर बोलणं झालं, बहुतेक सगळं विरोधातच. शेवटी भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, इतिवृत्तात एक ओळ लिहिली, 'सदर विषयावर चर्चा झाली.' ती वाचून दाखवल्यावर मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी विचारलं, "भाऊसाहेब, चर्चा झाली म्हंजे आमी हो म्हनलो का नाय म्हनलो?"

पडवी गप्प झाली. नाशिकला परत येताना घाटभर तोच प्रश्न डोक्यात होता आणि त्याच्याबरोबर आठवत होतं आचे.

आचे म्हणजे इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाचं उत्तर टोक. पेसा, म्हणजे आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, त्याच्या कामामुळे मला दूरदूरच्या स्वायत्त प्रदेशांचे कायदे वाचायची सवय लागली, त्यात हा प्रदेश मनात रुतून बसला. १९५० मध्ये जकार्ताने, म्हणजे इंडोनेशियाच्या केंद्र सरकारने, आचे प्रांतच मोडून उत्तर सुमात्रात विलीन केला. १९५३ मध्ये तिथे बंड झालं. १९५९ मध्ये 'विशेष प्रदेश' असा दर्जा मिळाला. धर्म, रूढी आणि शिक्षण यांत मोकळीक असं त्याचं स्वरूप, पण हाताला फारसं काही लागलं नाही. पुढे आचेतल्या अरुण नावाच्या नैसर्गिक वायूच्या क्षेत्रातून पैसा निघू लागला, तो जकार्ताला जायचा. १९७६ मध्ये हसन दि तिरो यांनी स्वतंत्र आचेची चळवळ उभी केली आणि जवळजवळ तीस वर्षं माणसं मरत राहिली. २००१ मध्ये जकार्ताने स्वायत्ततेचा कायदा दिला, पण समोरच्याशी करार न करता. २००३ मध्ये तिथे लष्करी कायदा लागला. मग २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी. एकट्या आचेत दीड लाखाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर दोन्ही बाजू हेलसिंकीत बसल्या. मध्यस्थ होते फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आहतीसारी. करारावर सह्या झाल्या १५ ऑगस्ट २००५ ला. होय, १५ ऑगस्टच.

बंडखोरांनी ८४० शस्त्रं जमा केली, बाहेरून आणलेलं सैन्य परत गेलं आणि २००६ चा कायदा क्रमांक ११ आला. इंडोनेशियात पक्ष देशव्यापी असावा लागतो. आचेत मात्र स्थानिक पक्षांना विधानसभेची निवडणूक लढवता येते. माझ्या मते या कराराची सगळ्यात शहाणी तरतूद हीच. काल जंगलात बंदूक घेऊन फिरणारा माणूस उद्या कुठल्या दारातून सभागृहात येणार, याचं उत्तर त्यात होतं. २००९ मध्ये माजी बंडखोरांच्या पक्षाने ६९ पैकी ३३ जागा जिंकल्या. २०१४ मध्ये ८१ पैकी २९, २०१९ मध्ये १८. मला ही उतरण वाईट वाटत नाही. लोक त्यांना कामावर तोलू लागले, इतर पक्षांप्रमाणेच.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. हेलसिंकीच्या करारात लिहिलं होतं की आचेशी खास संबंध असलेले आंतरराष्ट्रीय करार आणि राष्ट्रीय संसदेचे निर्णय आचेच्या विधानसभेशी सल्लामसलत करून आणि तिच्या संमतीने होतील. २००६ च्या कायद्यात ते वाक्य आलं, पण 'संमती'च्या जागी जो शब्द बसला त्याचा अर्थ 'विचारात घेणे'. एकच शब्द बदलला. करार वाचताना वाटतं की आचेला दाराची किल्ली मिळाली. कायदा वाचला की कळतं, दारावर टकटक करायची मुभा मिळाली.

तरी ती टकटकही वाया गेली नाही, हे सांगायलाच हवं. २०१७ च्या राष्ट्रीय निवडणूक कायद्याने आचेच्या कायद्यातली काही कलमं आचेला न विचारताच रद्द केली. आचेतून याचिका गेल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाने त्यांतली एक मागणी मान्य केली. विचारायचं म्हणजे विचारायचं. कमकुवत शब्दालाही कुणी घट्ट धरून बसलं तर त्यात जीव येतो.

पण त्या सभागृहाने स्वतःची ताकद कुठे लावली? २०१३ मध्ये त्यांनी प्रांताच्या झेंड्याचा कायदा केला. तिथे अशा कायद्याला 'कानून' म्हणतात, आपल्या ओळखीचाच शब्द. झेंडा जवळपास बंडाच्या काळातलाच. केंद्राने हरकत घेतली आणि वर्षानुवर्षं ताकद त्यात गेली. त्याच वर्षी सत्यशोधन आयोगाचाही कानून झाला, म्हणजे कुणाचा मुलगा कुणी नेला हे नोंदवणाऱ्या आयोगाचा. पण सदस्य नेमायला २०१६ उजाडलं. केंद्राचा तसाच कायदा घटना न्यायालयाने २००६ मध्येच रद्द केला होता, ही अडचण खरी. तरीही झेंड्याची घाई आणि आयांच्या जबान्यांना उशीर, हे मला आजही सलतं. बंदूक घेऊन लढलेल्या बायका पुनर्वसनाच्या याद्यांतून मोठ्या प्रमाणावर सुटल्या, तेही तसंच.

पैशाचं तर आणखी दुखणं. २००८ पासून पंधरा वर्षं देशाच्या सर्वसाधारण वाटप निधीच्या (केंद्र प्रांतांना वाटतं त्या पैशाच्या) २ टक्क्यांइतकी रक्कम आचेला वेगळी मिळाली. २०२३ पासून ती १ टक्का झाली आणि ठरल्याप्रमाणे २०२७ ला बंद व्हायची. एवढा पैसा येऊनही सुमात्रातल्या गरिबीच्या यादीत आचे वरच राहिलं. २०१८ मध्ये राज्यपाल आणि विधानसभा यांचं जमेना म्हणून अंदाजपत्रक सभागृहाच्या मंजुरीशिवाय राज्यपालांच्या आदेशाने निघालं. तिथे राज्यपाल लोकांनी निवडलेला असतो. त्या वेळी होते इरवांडी युसुफ, पूर्वीचे बंडखोर, त्सुनामीत तुरुंग फुटला म्हणून वाचलेले. त्याच वर्षी याच स्वायत्तता निधीच्या प्रकरणात त्यांना अटक झाली आणि पुढे शिक्षाही. दिल्ली, मुंबई किंवा जकार्ताकडून अधिकार खाली आणायला माणसं आयुष्य घालवतात. तो आल्यावर हिशेब मागणारं सभागृह उभं करायला तेवढीच जिद्द लागते, आणि तिथे आपण सगळे दमतो.

आपल्याकडे पेठ-सुरगाण्यात युद्ध झालं नाही, त्यामुळे ही तुलना मी ताणणार नाही. पण डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी 'आम्हाला गुजरातेत जाऊ द्या' म्हटलं होतं, आणि मार्च २०१८ मध्ये याच नाशिकमधून वनजमिनीच्या हक्कासाठी हजारो माणसं पायी मुंबईला गेली होती. स्वायत्ततेचा कायदा तर आपल्याकडेही आहे, १९९६ चा पेसा. त्यात जमीन संपादनाआधी 'सल्लामसलत' आणि गौण खनिजाच्या, म्हणजे खडी-वाळूसारख्या खनिजाच्या, परवान्याआधी 'शिफारस', ती मात्र बंधनकारक. शब्दाशब्दांत फरक आहे आणि तो गावाला माहीत असायला हवा. खाणीचा विषय दुसऱ्या प्रकारात येतो. म्हणजे त्या पडवीत गावाच्या हातात 'चर्चा झाली'पेक्षा मोठा शब्द होता.

आजींच्या प्रश्नानंतर एका तरुण पोराने उठून हे कलम वाचून दाखवलं. थोडी कुरकुर झाली. भाऊसाहेब म्हणाले, वरून विचारतील. पोरगा म्हणाला, विचारू द्या. मग ती ओळ खोडली गेली, शेजारी सही झाली आणि खाली लिहिलं गेलं, 'ग्रामसभा या खाणीची शिफारस करत नाही.' आजींनी ती ओळ दोनदा वाचून घेतली, मग अंगठा उठवला.