आईंच्या पोटरीवरचे फोड आणि गरम होणारं कापड

सुधीरराव, नमस्कार.

तुमचं म्हणणं असं: आपल्या उकाड्यात पेशंटला विजेवर ऊब द्यायचं खूळ कशाला, दोन ब्लँकेटं पुरतात. आईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पायाशी ठेवलेल्या गरम पाण्याच्या बाटलीनं पोटरीला फोड आले. असं असताना मागच्या लेखात मी ऑपरेशनच्या वेळी पेशंटला ऊब देणाऱ्या, वीज खेळवलेल्या कापडाची भलामण केली, याचा तुम्हाला राग आला.

राग रास्त आहे, म्हणून फोडांबद्दल आधी. मणक्यातून भूल दिलेल्या पायाला चटका कळत नाही, पेशंट पाय मागे घेत नाही. ४४ अंशांवरही सहा तासांत कातडी भाजते, आणि बाटलीतलं पाणी किती गरम आहे ते कुणी मोजत नाही. अमेरिकेत १९९४ साली भुलीसंबंधीच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांची छाननी झाली. ऊब देताना भाजल्याचे २८ दावे होते आणि त्यातले १८ तापवलेल्या सलाइनच्या पिशव्या-बाटल्यांमुळे. उरलेल्यांत विजेची साधनंही होती, हे लपवत नाही. कार्बन मिसळलेलं हे कापड सगळीकडे सारखं तापतं, सेन्सर त्याला साधारण ४३ अंशांच्या आत ठेवतो. पण सेन्सर अंगावरून सरकून गार जागी गेला, तर यंत्राला वाटतं अजून तापवायला हवं. कापडाला घडी पडली तरी तिथे उष्णता साठते. दर थोड्या वेळानं हात घालून बघणारी सिस्टर नसेल, तर हे कापड वापरू नये.

ब्लँकेटबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. भूल चढली की कातडीकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात, छाती-पोटातली ऊब हातापायांत पसरते आणि पहिल्या तासातच आतलं तापमान एक ते दीड अंशानं उतरतं. बाहेर मे महिना असला तरी ऑपरेशन थिएटरमध्ये एसी असतो. एक ब्लँकेट अंगातून जाणारी उष्णता जेमतेम तीस टक्क्यांनी कमी करतं, दुसऱ्यानं फारशी भर पडत नाही. ब्लँकेट ऊब धरून ठेवतं, तयार करत नाही. सिझेरियननंतर अशीच अंग गार पडून कुडकुडणारी एक बाई माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. अंगावर तीन ब्लँकेटं, तरी दात असे वाजत होते की बाळ छातीशी धरवेना. मॉनिटरवरची रेघ थरथरत होती, बीपीचा पट्टा आकडाच देईना.

एक चूक माझी. मागच्या लेखात मी १९९६चा आतड्यांच्या ऑपरेशनांचा अभ्यास सांगितला होता: गार पडलेल्यांपैकी शंभरात १९ जणांची जखम चिघळली, उबदार ठेवलेल्यांपैकी ६ जणांची. पण त्यात पेशंट दोनशेच होते. २०२२ साली पाच हजारांवर पेशंटांच्या चाचणीत आतलं तापमान ३५.५ अंश ठेवलेल्यांत आणि ३७ अंश ठेवलेल्यांत गंभीर गुंतागुंतीचा फरक दिसला नाही. हे तेव्हाच लिहायला हवं होतं. म्हणजे ३७ गाठायचा हट्ट नको, पण पेशंटला ३४पर्यंत घसरूही देऊ नये. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेच्या सूचनांतही पहिली पसंती गरम हवेच्या यंत्राला आहे, आणि ते सोयीचं नसेल तिथे विजेवर तापणाऱ्या गादीचा किंवा ब्लँकेटचा विचार करा असं म्हटलंय. लहान हॉस्पिटलात त्या यंत्राची, गरम हवा सोडायची आणि एकदाच वापरायची पांघरुणं परवडत नाहीत. हे कापड पुसून पुन्हा वापरता येतं, म्हणून मी त्याच्या बाजूनं लिहिलं.

आईंच्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तर भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. पहिल्या वेळचे फोड सांगा. टेबलावर तापमान कशानं मोजणार आणि पायाशी काय ठेवणार, हे दोन्ही विचारा. बाटली म्हणाले, तर नको म्हणा.