गव्हर्नरचं मंत्रिमंडळ म्हणे त्याच्या मुठीत असतं!

निवडणुकीनंतर खातेवाटपाचं घोडं अडलं की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: अमेरिकेतल्या राज्यांत गव्हर्नर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्याचा कारभारी) थेट लोकांतून निवडून येतो, आपल्या पसंतीचे तज्ज्ञ मंत्री नेमतो, नको झालेल्याला त्याच दिवशी घरी पाठवतो, म्हणून तिथे रुसवेफुगवे नाहीत. आपणही तेच करावं.

थेट निवडून येतो, इतकं खरं. बाकीचं एकेक बघू.

‘सगळे मंत्री तोच नेमतो.’ ५० पैकी ४३ राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे राज्याचा मुख्य कायदा अधिकारी, लोक स्वतंत्रपणे निवडतात. मेन राज्यात तो विधिमंडळ निवडतं. टेक्सासमध्ये तर तिजोरी सांभाळणारा कंट्रोलर, सरकारी जमिनींचा आयुक्त, कृषी आयुक्त, सगळेच मतपेटीतून येतात. तेलविहिरींवर देखरेख ठेवणाऱ्या रेलरोड कमिशनचे तिन्ही सदस्यसुद्धा. (नावात रेल्वे, काम तेलाचं.) हे मुद्दाम केलेलं आहे. यादवी युद्धानंतरच्या काळात गव्हर्नरच्या हाती एकवटलेल्या सत्तेचा टेक्सासने धसका घेतला आणि १८७६च्या राज्यघटनेत ती वाटून टाकली.

फ्लोरिडाचं उदाहरण आणखी मासलेवाईक. तिथे कॅबिनेट हा शब्द राज्यघटनेतच आहे. त्यात तिघे: अ‍ॅटर्नी जनरल, मुख्य वित्त अधिकारी आणि कृषी आयुक्त. तिघेही निवडून आलेले. २००३पूर्वी असे सहा जण होते. सरकारी जमिनींचे निर्णय गव्हर्नर आणि हे तिघे मिळून घेतात, मतं दोन-दोन अशी पडली तर गव्हर्नरची बाजू सरस. कैद्याची शिक्षा माफ करायची तर गव्हर्नरला यातल्या दोघांची संमती लागते. नाकारणं मात्र एकट्याच्या हातात. २०१९ ते २०२३ या काळात गव्हर्नर होते रिपब्लिकन रॉन डीसँटिस आणि त्याच टेबलावर कृषी आयुक्त म्हणून डेमोक्रॅट निकी फ्रीड. पेट्रोल पंपांची तपासणी कृषी खात्याकडे असते. फ्रीडबाईंनी तपासणीच्या स्टिकरवर स्वतःचा फोटो छापला आणि तो राज्यभरातल्या पंपांवर झळकला. फ्लेक्सवाल्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही.

‘नको झाला की घरी.’ निवडून आलेल्याला गव्हर्नर काढूच शकत नाही. नेमलेल्यांचं काय? न्यू जर्सीचा गव्हर्नर देशातल्या सर्वात ताकदवान गव्हर्नरांत गणला जातो. एडिसन, जर्सी सिटी या भागात आपली मंडळी बरीच, तेव्हा मेसेजमधलं चित्र बहुधा तिथूनच आलं असावं. तिथे अ‍ॅटर्नी जनरलही गव्हर्नरच नेमतो, पण राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीने. आणि १९४७ची राज्यघटना सांगते की अ‍ॅटर्नी जनरल आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याचा सचिव, परराष्ट्रमंत्री नव्हे) हे दोघे गव्हर्नरची मुदत संपेपर्यंत पदावर राहतात. मर्जी फिरली म्हणून त्यांना हलवता येत नाही. सर्वात मोकळा हात असलेल्या राज्यातही ही मेख आहेच.

‘सगळे तज्ज्ञ असतात.’ असतात काही. पण माजी आमदार, माजी महापौर, प्रचारात राबलेले साथीदार यांचीही सोय लागतेच.

‘रुसवेफुगवे नाहीत.’ हे वाचून आयडाहोचे लोक हसतील. तिथे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, वेगळा निवडून येतो आणि गव्हर्नर राज्याबाहेर गेला की कारभार त्याच्याकडे जातो. मे २०२१मध्ये गव्हर्नर ब्रॅड लिटल परिषदेसाठी बाहेर गेले. लेफ्टनंट गव्हर्नर जॅनिस मॅकगीकिन यांनी संधी साधून मास्कसक्तीवर बंदी घालणारा आदेश काढला. दुसऱ्याच दिवशी लिटल यांनी तो रद्द केला. ऑक्टोबरमध्ये लिटल टेक्सासच्या सीमेवर गेले, बाईंनी लसीबाबत नवा आदेश काढला, तोही गेला. दोघेही एकाच पक्षाचे, बरं का! २०२२मध्ये बाई पक्षांतर्गत निवडणुकीत लिटल यांच्याविरुद्धच उभ्या राहिल्या आणि हरल्या.

राहिला मुद्दा ‘आपणही तेच करावं’चा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत गव्हर्नरचं मंत्रिमंडळ हे सल्लागार मंडळ असतं. बैठक कधी घ्यायची हे गव्हर्नर ठरवतो, सल्ला मानायचा की नाही हेही तोच. आपल्याकडे मंत्रिमंडळ निर्णय घेतं, ते सामूहिकपणे विधानसभेला जबाबदार असतं आणि सभागृहाचा विश्वास गेला की सगळे एकदम घरी जातात. थेट निवडलेल्या गव्हर्नरवर अविश्वास ठराव नसतो. महाभियोग किंवा काही राज्यांत मतदारांनी परत बोलावणं, एवढेच मार्ग. आमदारांची मनधरणी नको असेल, तर आमदारांचा हा वचकही जातो. मेसेज यावर गप्प आहे.

आणि तज्ज्ञच हवेत, तर आपल्या घटनेने वाट अडवलेली नाही. कलम १६४(४)प्रमाणे आमदार नसलेल्यालाही मंत्री करता येतं, फक्त ६ महिन्यांत विधिमंडळात यावं लागतं. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारांसाठी महाराष्ट्राच्या विधान परिषदेत राज्यपालनियुक्त १२ जागा आहेत. नोव्हेंबर २०२०मध्ये तेव्हाच्या सरकारने त्यासाठी पाठवलेली यादी राजभवनात पडून राहिली. ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांतल्या ७ जागा भरल्या गेल्या, त्याही नंतर आलेल्या सरकारने सुचवलेल्या नावांनी.