एड रॉबर्ट्स आणि अल्टेअर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या लेखावर आपले म्हणणे असे, की एड रॉबर्ट्स यांच्या कंपनीचा अल्टेअर 8800 हा काही पहिला मायक्रोकॉम्प्युटर, म्हणजे एका चिपवरच्या प्रोसेसरवर चालणारा छोटा संगणक, नव्हता. कळफलक आणि पडदा नसलेल्या त्या पेटीचा सामान्य माणसाला उपयोग नव्हता, म्हणून घरगुती संगणकाचे श्रेय ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक यांचे. आणि रॉबर्ट्स तर कंपनी विकून पळाले. यातले पहिले मला पूर्ण मान्य आहे. फ्रान्समध्ये 1973 सालीच मायक्रल एन तयार झाला होता. लेखातील 'पहिला' हा शब्द मी आज काढला आहे.

मूळ अल्टेअरची मेमरी अवघी 256 बाइट्स होती आणि दर्शनी फळीवरचे खटके वरखाली करून आज्ञा भराव्या लागत, हेही खरे. तरी रॉबर्ट्स यांचे मोठेपण मला किमतीत दिसते. कॅल्क्युलेटरचे भाव कोसळल्यामुळे अमेरिकेतील आल्बुकर्की शहरातली त्यांची मिट्स कंपनी कर्जात बुडाली असताना, सुट्या खरेदीत 360 डॉलरना पडणारा 8080 प्रोसेसर त्यांनी इंटेलकडून 75 डॉलरना मिळवला. म्हणूनच जानेवारी 1975 च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'मध्ये जुळणीचा संच 397 डॉलरना जाहीर करता आला. पगारदार माणसाला स्वतःच्या पैशांनी संगणक घेता येईल, ही शक्यता त्या आकड्याने निर्माण केली.

दुसरी गोष्ट अल्टेअरमधल्या शंभर जोडांच्या बसची, म्हणजे प्रोसेसर आणि इतर कार्डे एकमेकांना जोडणाऱ्या सामाईक मार्गाची. मिट्सची मेमरी कार्डे सदोष निघाली, तेव्हा इतरांनी त्याच खाचांत बसणारी कार्डे बनवून विकली. रॉबर्ट्स यांना ते मुळीच रुचले नाही आणि तिथे त्यांची दृष्टी तोकडी पडली, असे मी म्हणेन. पण तीच बस पुढे एस-100 म्हणून रूढ झाली आणि 1983 मध्ये तिला आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचे प्रमाण लाभले.

वॉझ्नियॅक यांच्याविषयी आपल्याइतकाच मलाही आदर आहे. मात्र 5 मार्च 1975 रोजी मेन्लो पार्कमधील एका गॅरेजात होमब्रू या संगणक-हौशींच्या क्लबची पहिली बैठक भरली ती अल्टेअरच्याच निमित्ताने, आणि ॲपलच्या पहिल्या संगणकाची, ॲपल-1 ची, कल्पना त्या संध्याकाळीच सुचल्याचे वॉझ्नियॅक यांनी स्वतः सांगितले आहे.

राहिला 'पळाले' हा शब्द. डॉक्टर होण्याची इच्छा रॉबर्ट्स यांना अभियांत्रिकीच्याही आधीपासून होती. 1977 मध्ये कंपनी विकून ते जॉर्जियात शेती करू लागले, चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, 1986 मध्ये पदवीधर झाले आणि पुढे कॉक्रन या छोट्या गावात त्यांनी रुग्णसेवा केली. माझा चुकीचा शब्द मी काढला. आपणही हा शब्द मागे घ्यावा, अशी मनापासून विनंती आहे.