हात लहान म्हणून जादू जमत नाही? काहीही!

‘सात दिवसांत पत्त्यांचे जादूगार व्हा’ हा फॉरवर्ड इतके दिवस न वाचताच पुसत होतो. मग तो गिरगावात ताईच्या मुलीपर्यंत पोचला आणि तिने नवाकोरा कॅट कपाटात टाकला. कारण त्यात ठणकावून लिहिलंय, ‘बोटं लांब नसतील तर नाद सोडा.’ सहावीतली पोर आहे हो ती!

तर आधी तोच मुद्दा. रेने लावांद हा अर्जेंटिनाचा जादूगार (१९२८–२०१५). नऊ वर्षांचा असताना अपघातात त्याचा उजवा हात गेला. राहिलेल्या डाव्या हाताने तो पत्ते पिसायचा, वाटायचा, हातचलाखी करायचा आणि जगभर खेळ करत हिंडला. आता सांगा बोटांची लांबी. लहान पंजाला अडचण येते ती एवढीच, की पत्ता तळहातात लपवताना कडा बाहेर डोकावतात. पोकर साइजचा पत्ता साधारण ६३ मिलिमीटर रुंद असतो, ब्रिज साइजचा ५७. ब्रिजचा कॅट घ्या, सुटला प्रश्न.

पुढचं रत्न: ‘हात डोळ्यापेक्षा वेगवान असतो, म्हणून रोज वेग वाढवा.’ पुन्हा लावांदकडेच बोट दाखवतो. लाल आणि काळे पत्ते एकाआड एक ठेवायचे आणि तरी ते वेगवेगळे होऊन निघायचे, हा त्याचा गाजलेला खेळ. तो दरवेळी आणखी संथपणे करायचा आणि वर म्हणायचा, ‘याहून सावकाश करता येत नाही.’ झटका मारलेला हात सगळ्यांत आधी नजरेत भरतो. चर्चगेटच्या गर्दीतल्या पाकीटमारालाही हे कळतं. चाल करायची ती लोक सैलावलेले असताना: हशा पिकल्यावर, किंवा ‘तुमचं नाव काय?’ विचारलं की समोरचा तोंडाकडे बघतो तेव्हा.

पण खरं डोकं फिरतं ते इथे: ‘सात चाली शिका आणि सातही एकाच खेळात लावा. जेवढ्या जास्त, तेवढी जादू.’ अरे, ही काय भेळ आहे? एक चाल संपताना पत्ता कुठे राहतो, त्यावर पुढची चाल ठरते. निवडलेला पत्ता चोरून कॅटच्या वर आणला. आता खोटं पिसायचं ते वरचा पत्ता हलू न देता. मग डबल लिफ्ट, म्हणजे दोन पत्ते एक म्हणून उलटायचे, आणि तुमचा पत्ता अजून वर आलेलाच नाही असं दाखवायचं. (गुपित फोडलं म्हणून जादूगार मंडळींनी रागावू नये, हे कुठल्याही प्राथमिक पुस्तकात सापडेल.) तीन चाली झाल्या, खेळ उभा राहिला. यात मध्येच एका हाताने ऐटीत पत्ते कापून दाखवलेत तर समोरचा काय म्हणेल? ‘हात तयार आहे बुवा.’ आणि तिथून पुढे तो तुमच्या बोटांवरची नजर काढणार नाही.

शिवाय डबल लिफ्टचा सराव खरं तर एकच पत्ता उलटण्याचा असतो. एक उलटताना हात जसा दिसतो, तसाच दोन उलटताना दिसला पाहिजे. एक पत्ता सहज उलटायचा आणि दोन उलटताना श्वास रोखायचा, इथेच बहुतेक जण पकडले जातात. ही सवय मोडायला सात दिवस? स्वप्नं बघा.

‘आरशासमोर सराव करा’, हे निम्मं बरोबर आहे, मान्य करतो. कुठल्या कोनातून काय दिसतं ते आरसा सांगतो. पण ऐन चालीच्या क्षणी आपण नकळत डोळे मिटतो, ते आरशात कसं दिसणार? मोबाइल उभा करून चित्रीकरण करा.

महागडा परदेशी कॅटच हवा म्हणे. नको. गुळगुळीत प्लॅस्टिकचा मात्र सुरुवातीला टाळा, फार घसरतो.

आणि शेवटी, ‘लोकलच्या डब्यात तीन पत्ती खेळून हात साफ करा, कमाईही होईल.’ हे शाळकरी पोरांना सांगताय! पैसे लावून हातचलाखी केली की ती फसवणूक. जुगारबंदीचा कायदा मुंबईत १८८७ पासून आहे, आणि पोलिसांची पाळी यायच्या आधी डब्यातलेच निकाल लावतील.