मुलींचा सॉफ्टबॉल संघ बिनबोभाट कसा बंद करावा

अभिनंदन! तुम्ही संस्थाचालक आहात, प्राचार्य आहात, गेला बाजार क्रीडा समितीच्या कागदावर तुमचं नाव तरी आहे, आणि तुमच्या कॉलेजात मुलींचा सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलसारख्या बॅट-चेंडूच्या खेळाचा, संघ अजून तग धरून आहे. हे असंच चालू दिलंत तर पोरी उद्या झोनल जिंकतील, परवा इंटरझोनलला जातो म्हणतील, टीए-डीए मागतील, आणि एखादी विद्यापीठाच्या संघात गेलीच तर शाल-नारळाचा खर्च अंगावर येईल. वेळीच आवरलेलं बरं. कसं आवरायचं ते मी सांगते. मी अशाच एका संघाची कॅचर होते, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून चेंडू पकडणारी. मैदानात बाकीच्या आठजणींची तोंडं बॅटवाली उभी राहते त्या होम प्लेटकडे, आणि एकट्या कॅचरचं तोंड त्या आठजणींकडे. आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या पलीकडच्या टोकाच्या, मागेच ऑफिसच्या खिडक्या होत्या, तेव्हा तिकडचंही सगळं दिसायचं.

हे आत्ताच कुठून निघालं? परवा कॉलेजातून फोन आला. सुवर्णमहोत्सव आहे, स्मरणिका निघतेय. एक तरुण प्राध्यापक होते, आवाज अगदी गोड. "मॅडम, तुम्ही सॉफ्टबॉलच्या ना? संघाचा गौरवशाली इतिहास दोनशे शब्दांत लिहून द्या ना. जुने फोटो असतील तर व्हॉट्सॲप करा, आमच्याकडे काहीच नाही. आणि तो बंद कसा झाला वगैरे नको, पानं मोजकी आहेत." अध्यक्षांचं मनोगत चार पानी आहे, हेही त्यांनीच सांगितलं. मग म्हटलं, जे तिथे बसत नाही ते इथे लिहू. होतकरू मंडळींच्या उपयोगी पडेल.

तर पहिला नियम. संघ बंद करतोय असं जाहीर करायचं नाही. अमेरिकेतली मंडळी नेमकी इथे फसतात.

मिशिगन राज्यात इप्सिलँटी गावी ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटी आहे. तिने २० मार्च २०१८ ला सरळ सांगून टाकलं की मुलींचा सॉफ्टबॉल, मुलींचं टेनिस, मुलग्यांची कुस्ती आणि मुलग्यांचं पोहणं बंद. २१ खेळांचे १७ केले. वर्षाला सुमारे २० लाख डॉलर वाचतील असा हिशेब मांडला. आता मार्च म्हणजे तिकडे सॉफ्टबॉलचा ऐन हंगाम, फेब्रुवारीत सुरू होऊन मेपर्यंत चालणारा. म्हणजे पोरींनी बातमी ऐकायची आणि उरलेले सामने त्याच जर्सीत जाऊन खेळायचे. अमेरिकन फुटबॉलला मात्र कुणी हात लावला नाही. त्याच्या मैदानावर २०१४ मध्ये करड्या रंगाचं कृत्रिम गवत अंथरून झालं होतं, मैदानाला 'द फॅक्टरी' असं नावही पडलं होतं. हा वरच्या गटातला फुटबॉल आपल्याला परवडत नाही, असं २०१६ मध्ये तिथल्याच प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी सांगून पाहिलं होतं. पण बाहेर काढलं कुणाला, तर सॉफ्टबॉलवाल्या पोरींना. इथपर्यंत सगळं आपल्यासारखंच.

मग दोन पोरी, एक सॉफ्टबॉलची आणि एक टेनिसची, कोर्टात गेल्या. तिकडे १९७२ पासून टायटल नाईन नावाचा कायदा आहे. त्याचं मूळ कलम इंग्रजीत जेमतेम ३७ शब्दांचं. सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनं बाई की पुरुष हे बघून कुणाला डावलायचं नाही, एवढंच ते म्हणतं. विद्यापीठात मुली निम्म्याहून जास्त आणि खेळाडूंत निम्म्याहून कमी, हे न्यायाधीशांनी पाहिलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतरिम आदेश दिला की दोन्ही संघ परत आणा.

पोरी जिंकल्या असं वाटलं ना? थांबा, खरी शिकवणी इथून सुरू होते. विद्यापीठानं टेनिस परत आणलं आणि सॉफ्टबॉलपाशी वेळ काढला. शेवटी तडजोड झाली, ती अशी की सॉफ्टबॉल नको, त्याऐवजी मुलींसाठी लॅक्रॉस सुरू करू. मुलींची संख्या भरली, फाइल बंद. जिच्या हातात बॅट होती तिला जाळीची काठी दाखवून न्याय झाला! बरं, कॉलेजचं आयुष्य असतं चार वर्षांचं. दोन हंगाम कोर्टात घालवले की खेळाडू आपोआप माजी होते. वकिलाला द्यायचे पैसे तेवढे बाजूला काढून ठेवा. मैदानावर मुली किती हे मोजणारा असा कायदा आपल्याकडे नाही, तरी कटकट कशाला? जाहीर करूच नका.

तिकडच्याच क्लीव्हलंड स्टेट युनिव्हर्सिटीनं जानेवारी २०२५ मध्ये कुस्ती आणि मुलींच्या गोल्फबरोबर सॉफ्टबॉल बंद करत असल्याचं सांगितलं, हंगाम तोंडावर असताना. एवढी घाई आपल्याला शोभत नाही.

दुसरं, फिजिकल डायरेक्टर, म्हणजे खेळाचे सर, निवृत्त झाले की ती जागा भरू नका. एवढं एक साधलं तरी निम्मी लढाई जिंकलीत.

तासिका तत्त्वावर कुणी उत्साही पोरगा आलाच, तर त्याला परीक्षा विभागात बसवा.

सामानाचं काय करायचं? खरेदीला नाही म्हणू नका, तीन कोटेशनं मागवा. सॉफ्टबॉलचे ग्लोव्ह ठेवणारी तीन दुकानं तालुक्यातच काय, जिल्ह्यातही सापडत नाहीत. दोन कोटेशनं आली की नियमाप्रमाणे पुन्हा मागवा. तोवर मार्चएंड येतो आणि रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली खर्ची पडते. आमच्या वेळी मैदानात ग्लोव्हचा एकच संच असायचा, दोन्ही संघांत मिळून. इनिंग संपली की बाहेर येताना हातातला घामानं ओला ग्लोव्ह काढायचा आणि समोरून येणाऱ्या विरुद्ध संघातल्या मुलीच्या हातात द्यायचा. आमची फर्स्ट बेसवाली, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर उभी राहणारी, डावखुरी. डावखुरीचा ग्लोव्ह कॉलेजनं कधी घेतलाच नाही. ती चेंडू डाव्या हातात पकडायची, ग्लोव्ह झटकून खाली टाकायची आणि त्याच हातानं सेकंड बेसला फेकायची. तरी रनर बाद व्हायची. हा खेळ १८८७ मध्ये शिकागोच्या एका बोट क्लबात सुरू झाला तेव्हा बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला होता आणि झाडूच्या दांड्याची बॅट. तेव्हा "सामान महाग आहे" असं सांगताना समोर कुणी जाणकार नाही ना, एवढं बघून घ्या.

ऑलिंपिकचा दाखला फार कामाला येतो. सॉफ्टबॉल १९९६ मध्ये आत आला, २००८ नंतर बाहेर गेला, टोकियोला परत आला, पॅरिसला नव्हता, २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा आहे. नसेल तेव्हा "ऑलिंपिकमध्येच नाही हो" म्हणायचं. असेल तेव्हा विषय काढायचा नाही.

ज्या खेळाच्या मागे कुणी पैसेवाला उभा राहू शकतो त्याच्या वाटेला जाऊ नका. फिलाडेल्फियाच्या टेम्पल युनिव्हर्सिटीनं डिसेंबर २०१३ मध्ये एकदम सात खेळांवर काट मारली. त्यात नौकानयनवाले होते. त्यांचं बोटघर २००८ पासून वापरण्याजोगं नव्हतं, बिचारे नदीकाठी तंबूत दिवस काढत होते. पण एक मोठा देणगीदार पुढे आला, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये मुलग्यांचं आणि मुलींचं नौकानयन सुटलं. सॉफ्टबॉलचं मैदान होतं मुख्य कॅम्पसपासून कित्येक मैल दूर, ॲम्बलरला. तिकडे कोण बघायला जाणार? जुलै २०१४ पासून संघ नाहीसा. तेव्हा जमलं तर मैदान आधी लांब न्या.

आणि लांब नेता येत नसेल तर? मग मैदान तिथेच ठेवा आणि भाड्यानं द्या. हा आपला गावठी इलाज, अमेरिकेला अजून सुचलेला नाही. सुरुवात एखाद्या सभेनं करा. साहेबांची सभा आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मग कृषी प्रदर्शन येऊ द्या, मग आनंदमेळा, मग संचालकांच्या पुतणीचं लग्न. एकदा मांडववाल्याला वाट कळली की तो थांबत नाही. आम्ही आदल्या संध्याकाळी फक्कीनं डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन, आखायचो, दोरी धरून, बेस ते बेस ६० फूट, कोपरा काटकोनात येईस्तोवर पुन्हा पुन्हा. सकाळी येऊन बघावं तर फक्कीवरून टेम्पो गेलेला. एकदा तर सेकंड बेसच्या जागी आचाऱ्याची चूल, तिच्यात अजून निखारे, आणि सेकंड-थर्डच्या मधल्या शॉर्टस्टॉपच्या जागेवर खरकट्या पत्रावळी. पत्रावळी आम्ही उचलल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण सराव करायचा तर दुसरं काय करणार? मांडवाच्या खुंट्या निघतात, खड्डे मागे राहतात. जमिनीवरून येणारा चेंडू त्या खड्ड्याला लागला की सरळ तोंडावर उसळतो, आणि तो चेंडू चांगला १२ इंच घेराचा असतो. आमच्या थर्ड बेसवालीचं नाक फुटलं. तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं ते आमच्या सरांनी, स्वतःच्या पैशानं. दुसऱ्या दिवशी कार्यकारिणीच्या एका सदस्यांनी सरांना सुनावलं की मुलींना असले खेळ कशाला खेळवता, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? खड्ड्याला जबाबदार कोण, हे त्यांना कुणी विचारलं नाही. आणि मला तोंडावर म्हणाले, "मांडवाचं भाडं मिळतं बाई, तुमच्या सरावाचं काय मिळतं?" काय मिळतं! काय मिळायला हवं होतं तुम्हाला? सकाळी सहाला घरातून निघताना आईच्या मागे लपून वडिलांना चुकवणाऱ्या पोरी होत्या त्या. मैदानात उतरल्यावर ज्या ओरडायच्या ना, "माझा!" म्हणून, ते घरी कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. त्याचं भाडं लावा म्हणावं.

असो. रागावून चालणार नाही, सल्ला द्यायला बसलेय.

यानंतर वेळापत्रक. सराव बंद करायचा नाही, वेळ बदलायची. शेवटची एसटी सहाची असेल तर सराव साडेपाचला ठेवा. खेड्यातल्या मुली पंधरवड्यात गळतात. उरल्या गावातल्या पाच-सहा. नऊ झाल्या नाहीत की प्रवेशिका जात नाही. मग वार्षिक अहवालात एक ओळ टाका की "विद्यार्थिनींच्या अल्प प्रतिसादामुळे यंदा सहभाग घेता आला नाही." पुढच्या वर्षी तीच ओळ कॉपी करा. तिसऱ्या वर्षी ओळही लागत नाही.

शेवटी कागदपत्रं. जुनं सामान निर्लेखित करताना डेडस्टॉक रजिस्टरबरोबर जिमखान्याचं कपाटही रिकामं करा. प्रवेशिका, गुणपत्रकं, चषक, सगळं किलोवर जातं. मग बारा वर्षांनी एखादी बाई येते. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, प्रमाणपत्राची पडताळणी व्हायची आहे, कॉलेजचा दाखला हवाय. तिला लेटरहेडवर लिहून द्यायचं, "अभिलेख उपलब्ध नाही." जावक क्रमांक मात्र टाकायचा, काम नियमात झालं पाहिजे.

पुरे झालं. आता सरळच बोलते.

पैसे नव्हते हे खोटं आहे. त्याच वर्षी गेटवर कमान झाली, पेव्हर ब्लॉक बसले, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या समितीसाठी कारंजं झालं. समिती गेल्यावर ते कारंजं पुन्हा उडालेलं कुणी पाहिलं नाही. मुलींना आवड नव्हती हेही खोटं. ग्लोव्ह नाही, मैदान नाही, शिकवणारा नाही, घरी परतायला बस नाही, आणि वर आवड नाही म्हणता? तुमच्या कॉलेजात संघ मेला नाही, तुम्ही तो मारलात, आणि त्याचं खापर वीस वर्षांच्या पोरींच्या डोक्यावर फोडलंत. ईस्टर्न मिशिगनवाल्यांनी निदान स्वतःच्या तोंडानं सांगितलं, म्हणून त्यांना कोर्टात उभं तरी करता आलं. तुम्ही तर एका ठरावाचा कागदसुद्धा मागे ठेवला नाहीत. भांडायचं कुणाशी?

आणि माजी विद्यार्थ्यांनो, तुम्हीही फुशारक्या मारू नका. ग्रुपवर "ते सोनेरी दिवस" लिहून बदामाची चित्रं टाकता. गेल्या स्नेहमेळाव्यात डीजेला दिलेल्या पैशांत ग्लोव्हचे दोन संच आले असते. कुणी एकानं तरी विचारलं का, की संघाचं काय झालं?

फीच्या पावतीवर जिमखाना फी अजून आहे. प्रत्येक मुलीकडून घेतली जाते, दरवर्षी, न चुकता. जूनमध्ये लेकीचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा खिडकीवर विचारा, हे पैसे मुलींच्या कुठल्या खेळाला जातात. मागच्या रांगेनं कितीही कुरकुर केली तरी हलू नका. आणि "तो विषय क्रीडा समितीचा आहे" असं उत्तर आलं, तर समितीची शेवटची बैठक कधी झाली तेही विचारा.